खालाची सहा ओळींची चिठ्ठी

तात्या,

तुमची पत्र्याची पेटी परवा उघडली. आत्या गेली त्या वर्षी तिने ती माझ्या हवाली केली होती, आणि तेव्हापासून ती माझ्या पलंगाखालीच होती. किल्ली माझ्याकडे होती, हातपायही धड होते, तरी इतकी वर्षं उघडली नाही. मला वाटायचं, आत माझ्याविरुद्ध काहीतरी असणार. हसू नका. तुमच्या घरात वाढलेल्या मुलीला बंद पेटी दिसली की आत आपल्यावरचा पुरावाच दिसतो. आज मी तुमच्याहून सतरा वर्षांनी मोठी आहे, म्हणजे तुम्ही गेलात त्या वयाहून. शाळेतून निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. भाजीवाली जुडी पुढे करते तेव्हा मी अजून ती सोडून आतल्या काड्या बघते. खाण तशी माती, दुसरं काय.

दिघीच्या धक्क्यावरचा तुमचा जकातनाका मला अजून जशाचा तसा दिसतो. दोन खोल्या, बाहेर लांब बाक, बाकावर ओळीने मांडलेलं उतारूंचं सामान आणि तुमच्या हातात ती लोखंडी सळई. तांदळाचं पोतं असो, सुक्या मासळीची टोपली असो नाहीतर बाळंतिणीच्या गादीची गुंडाळी असो, सळई आत गेल्याशिवाय तुमच्या जिवाला चैन नसे. एकदा एक कोळीण कमरेवर हात ठेवून तुम्हाला म्हणाली होती, "कारकूनदादा, सुकटीत काय मोती गावनार हाईत तुमाला?" तुम्ही तिच्याकडे बघितलंही नाहीत. सळई बाहेर काढून वास घेतलात आणि मला म्हणालात, "लक्षात ठेव. वरचं सगळेच खरं दाखवतात. चोरटा माल खऱ्या मालाखाली असतो." माल पास झाला की त्यावर गेरूचा पट्टा ओढायचा आणि चिठ्ठीवर मोडीत लिहायचं, "तपासले. सोडावे." हे दोन शब्द मी बाराखडीच्या आधी ओळखायला लागले होते.

नाक्यावरची सळई तुम्ही घरी आणत नव्हता इतकंच, बाकी कारभार तोच. दूध आलं की बोट बुडवून बघायचं. पूजेची फुलं शेजारणीने पाठवली तर आज का पाठवली म्हणून विचार. माझं पहिलं स्थळ तुम्ही नाकारलंत कारण मुलगा फार गोड बोलला, आणि दुसरं नाकारलंत कारण मुलगा काहीच बोलला नाही. "गोगलगाय नि पोटात पाय," असं म्हणून तुम्ही पत्रिका परत केलीत. आई मी चार वर्षांची असतानाच गेलेली. आत्या चुलीपाशी बसून कपाळाला हात लावायची आणि म्हणायची, "दादा, अशानं पोरीला ब्रह्मदेव सांगून आला तरी तू त्याच्या कमंडलूत बोट घालशील."

मला उर्दू शिकायला पाठवलंत तेही संशयापोटीच. धक्क्यावर येणारे व्यापारी, नाखवे आपसात उर्दूत बोलायचे, चिठ्ठ्या उर्दूत लिहायचे, आणि तुम्हाला त्यातलं एक अक्षर कळायचं नाही. ते हसले की तुम्हाला वाटायचं आपल्यालाच हसले, आणि गप्प झाले की वाटायचं आपल्याला बघून गप्प झाले. मी अकरा वर्षांची होते. मशिदीच्या अलीकडे धक्क्यावरून दिसणारं एक घर होतं, तिथे एक विधवा बाई ओटीवर मुलींना उर्दू शिकवायची. तिचा नवरा मुंशी होता. सगळ्या मुली तिला खाला म्हणायच्या, म्हणून मीही म्हणायला लागले. लोकांना तुम्ही सांगितलंत, मुलगी हुशार आहे, शिकू दे. मला मात्र खरं सांगितलंत, "तू त्यांचं ऐकायचं आणि मला येऊन सांगायचं." आत्याने आकांत केला. शेवटी इतकंच ठरलं की तिकडे काही खायचं नाही आणि परत आल्यावर न्हाणीत पाय धुऊन, लुगडं बदलून मगच आत यायचं. खाला मला रोज एक खजूर द्यायची आणि मी तो रोज खायचे. आत्या माझ्या तोंडाचा वास घ्यायची, आणि मी वाटेतच कडुलिंबाची काडी चावलेली असायची. म्हणजे घरात संशय घेणारे दोघे आणि त्यांना पुरून उरणारी मी एकटी.

दोन वर्षांत मला वाचता यायला लागलं, बोललेलं कळायला लागलं. मग शाळा सुटली की तुम्ही मला नाक्याच्या कोपऱ्यात पाटी घेऊन बसवायला लागलात. मी हिशेब करते आहे असं दाखवायचं आणि कान उघडे ठेवायचे. संध्याकाळी घरी जाताना तुम्ही विचारणार, "काय म्हणत होते?" मी सांगणार, एकाची दाढ दुखते आहे, दुसऱ्याच्या मुलीचा निकाह ठरतो आहे, तिसरा म्हणत होता यंदा आंबा कमी. तुम्ही दहा पावलं चालणार आणि मग म्हणणार, "एवढंच?" तुमच्या त्या 'एवढंच'ने मला अपराधी वाटायचं. दाढदुखीखाली मी काही शोधलंच नाही, असं वाटायचं.

एक दिवस मात्र ते खरंच तुमच्याबद्दल बोलले. तुम्ही बाहेर एका बाईचं बोचकं सोडायला लावलं होतं. बाकावर बसलेला एक पिकल्या दाढीचा व्यापारी दुसऱ्याला हळूच म्हणाला, "बेचारा अकेला है, इसीलिए सबको टटोलता रहता है." माझ्या हातातली पेन्सिल थांबली. त्या संध्याकाळी तुम्ही विचारलंत, काय म्हणत होते, आणि मी म्हटलं, तांदळाचा भाव. तुम्ही म्हणालात, "एवढंच?" मी म्हटलं, "एवढंच." तुमच्यापासून मी लपवलेली ती पहिली गोष्ट. तुम्हाला ते ऐकून राग आला असता तर चाललं असतं. राग आला नसता तर मी काय करायचं, याची मला भीती वाटली.

रस्सीची गोष्ट त्यानंतरची. आगरदांड्याला माणसं नेणारी नाव, म्हणजे तर, खालाच्या ओटीवरून दिसायची. एका सकाळी ओहोटीला नव्या खलाशाने ती धक्क्याच्या खालच्या कडीला आखूड बांधली आणि तो जेवायला गेला. भरती चढली तशी मागची बाजू वर यायला लागली, नाळ, म्हणजे पुढचं टोक, मात्र दोराने खालीच ओढून धरलेली, आणि बघता बघता पुढून पाणी आत आलं. नावेवरचा मुख्य खलाशी, तांडेल, ओरडत धावला आणि त्याने कोयत्याने दोर तोडला. आम्ही मुली हसत होतो. खाला हसली नाही. माझ्या वहीत तिने एक ओळ लिहिली आणि वाचायला लावली, "रस्सी ढीली छोड़ना." मी अर्थ विचारला तर म्हणाली, "मानसाला जास्ती मोकळीक देनं. बघ, नाव बांधलेलीच र्‍हाते, कुटं जात न्हाय. पन पानी वर येनार, त्येला जागा नको? जागा दिली न्हाय तर बांधलेली नावच पयली बुडते." मग माझ्याकडे बघून, अगदी सहज, तिने विचारलं, "तुजा बाप तुला किती रस्सी देतो गं?" मी खाली बघितलं. ओट्याखाली तुमचा शिपाई बिडी ओढत उभा होता, मला घरी न्यायला. तो रोज माझ्या दहा पावलं मागून यायचा.

त्या संध्याकाळी मी तुम्हाला नवा वाक्प्रचार सांगितला आणि तुमच्या मनात पाल चुकचुकली. "कोणाची रस्सी? कोणाबद्दल बोलत होती?" मी म्हटलं, कोणाबद्दल नाही, शिकवत होती. तुम्ही म्हणालात, "कोणाबद्दल नसताना कोणी असं शिकवत नाही." दुसऱ्या दिवशी तुम्ही धक्क्यावरच्या एकूण एक नावेचा दोर जाऊन बघितलात. तांडेलाने विचारलं, "सायेब, आता दोरावर बी जकात लागली व्हय?" मी पाटीआड तोंड लपवून हसले. तुमची खोड माहीत असूनही आज वाटतं, तुम्ही बरोबर ओळखलं होतंत. ते आपल्या दोघांबद्दलच होतं.

मी सातवीची फायनल पास झाले तेव्हा सतरावं सरत होतं. मिठाचा सत्याग्रह होऊन वर्ष झालं होतं, आणि त्या दिवसांत तुम्हाला प्रत्येक बाईच्या डोक्यावरच्या पाटीत मीठच दिसायचं. मला पुण्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचं होतं. दुसरं काही नको होतं मला. स्थळ नको, दागिना नको. विचारायची हिंमत मात्र झाली नाही. पुण्यात कोण, कशाला, कोणी सुचवलं, त्यात त्याचा काय फायदा, हे सगळे प्रश्न मला आधीच ऐकू यायचे. शेवटी मी खालापुढे रडले. ती परपुरुषाशी बोलायची नाही आणि तिला मराठी लिहिता येत नव्हतं. दोन दिवसांनी तिने तरीच्या तांडेलाच्या हाती तुम्हाला चिठ्ठी पाठवली.

एकादशीची संध्याकाळ आहे. आत्या चुलीवर वरीचे तांदूळ ढवळते आहे. तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पाटावर बसलेले, आणि टोपी न काढताच चिठ्ठी माझ्यापुढे ठेवता. "बाईंची आहे. वाच." चिठ्ठीत सहा ओळी आहेत. मी मनात एकदा वाचते आणि परत पहिल्या ओळीवर येते. पुण्याचं नावच नाही. खालाने लिहिलंय, आदाब, मुलगी हुशार आहे, रोज शिपाई मागे येतो त्याने तिचं मन लहान होतं, तिची रस्सी जरा ढिली सोडा, ती पळून जाणाऱ्यातली नाही, अल्ला तुमचं भलं करो. रडताना मी तिला जे सांगितलं ते तिने लिहिलं नव्हतं. दुसऱ्याच्या घरात किती शिरायचं हे तिला कळत होतं. मी बोट ओळीखाली धरून मोठ्याने मराठीत सांगायला लागले. सगळं खरं सांगितलं, रस्सी ढिली सोडा इथपर्यंत. आणि मग माझ्या तोंडून पुढचं आलं. तिला पुण्याला ट्रेनिंगला पाठवा, तिथे माझ्या ओळखीच्या एक वयस्क बाई आहेत, त्या मुलीवर लक्ष ठेवतील. 'लक्ष ठेवतील' हे मी खास तुमच्यासाठी घातलं. वर खरा माल, खाली चोरटा. शिकवणी तुमचीच होती.

तुम्ही म्हणालात, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं, शब्दाला शब्द तसंच. पण दुसऱ्या वेळी माझं बोट शेवटच्या ओळीच्या टोकाला जाऊन थांबलं आणि तोंड चालूच राहिलं. तुम्ही बोटाकडे बघत होतात. आत्याची पळीसुद्धा थांबली होती. मग तुम्ही चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवलीत आणि म्हणालात, "बाई थोडक्यात पुष्कळ लिहितात." त्यावर एवढंच. तुम्ही टोपी काढलीत, हात धुतलेत, वरीचे तांदूळ जेवलात. सकाळी संध्या आटोपून तुम्ही विचारलंत, "अर्ज कुठे करायचा असतो?"

मी आनंदाने नाचायला हवं होतं. मी घाबरले, तात्या. जो माणूस आपल्या बहिणीच्या हातचं ताक वास घेऊन पितो तो इतक्या सहज हो म्हणतो, याच्या खाली काय आहे? त्या दिवसापासून शिपाई माझ्या मागून यायचा बंद झाला, आणि मी वळून वळून बघायला लागले. दुसरा कोणी नेमला असेल, ज्याचं तोंड मला माहीत नाही.

पावसाळ्यासाठी बोटी बंद होण्याआधीच्या शेवटच्या बोटीने मी निघाले. मुंबईची बोट बाहेर समुद्रात उभी, आणि तिच्यापर्यंत नेणाऱ्या पडावात बसण्याआधी सगळ्यांचं सामान नाक्याच्या बाकावर. माझी ट्रंकही ओळीत होती. माझ्या पुढच्या म्हाताऱ्याची तुम्ही लोटीसुद्धा उलटी करून बघितलीत. मग माझी पाळी आली. मी किल्ली पुढे केली. तुम्ही ती घेतली नाहीत. गेरूत बोट बुडवून ट्रंकेवर पट्टा ओढलात आणि म्हणालात, "पुढे चला." मला 'चला' म्हणालात, उतारूला म्हणतात तसं. पडावात बसल्यावर माझ्या डोक्यात एकच विचार. यांनी ट्रंक घरीच उघडून बघितली असणार. मी लुगड्याच्या घडीत एक केस ठेवला होता, तुमचीच युक्ती. बोटीवर उघडून बघितलं तर केस जागच्या जागी होता. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, त्यांना युक्ती माहीत आहे, त्यांनी तो परत ठेवला असणार. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं माझं झालं होतं.

पुण्यात दोन वर्षं मी तुमचा माणूस शोधत होते. आधी दूधवाल्यावर संशय घेतला, मग रेक्टरबाईंवर. तुमचं कार्ड दर महिन्याला यायचं. प्रकृती ठीक, आत्याचे गुडघे दुखतात, यंदा मासळी बरी. एक प्रश्न नसायचा त्यात. मी कार्ड उजेडात धरून बघायचे. मला नोकरी लागली, तरी कार्डं तशीच. दर सुट्टीत मी काहीतरी कारण काढायचे. मला खात्री होती की दुसरं टोक तुमच्याच हातात आहे, आणि मी एकदा दिघीत पाय ठेवला की तुम्ही दोर ओढून घेणार. मग ते कार्ड आलं. "दिवाळीस येऊन जावे. काम काही नाही." मी ते दहा वेळा वाचलं. काम नाही तर बोलावतील कशाला? नक्कीच कोणी बघायला येणार. मी उत्तर लिहिलं की परीक्षेचे पेपर तपासायचे आहेत, सुट्टी मिळत नाही. मार्गशीर्षात तुम्ही गेल्याची आत्याची तार आली, तीही पत्ता चुकल्याने फिरून, उशिरा. मी पोचले तेव्हा तेरावं झालं होतं. नाक्यावर नवा कारकून होता, आणि त्याने माझं सामान उघडून बघितलं.

तर परवा पेटी उघडली. वर तुमचा चष्मा, त्याखाली माझी सगळी पत्रं, आणि सगळ्यांत खाली खालाची चिठ्ठी. मी चिठ्ठी उलटी केली. कोपऱ्यात गेरूचा पट्टा. मागे तुमचं मोडी. मोडी मी तुमच्याच शेजारी बसून शिकलेली, तरी वाचताना मला माझ्या डोळ्यांचाच संशय आला, भिंग घेऊन खिडकीत गेले. लिहिलंय असं. "चैत्र वद्य दशमी. मौलवीसाहेबांकडून वाचून घेतले. मजकूर येणेप्रमाणे." त्याखाली सहाही ओळी, नीट मराठीत. त्याखाली, "चैत्र वद्य एकादशी. मुलीने वाचले. तीन ओळी जास्त. तपासले. सोडावे."

आधी मला राग आला. म्हणजे तुम्ही आदल्या दिवशीच सगळं वाचून घेतलं होतंत आणि मला उंबऱ्यासमोर बसवून माझी परीक्षा घेतलीत. सळई माझ्या आरपार गेली होती आणि मला कळलंही नव्हतं. दिवसभर मी रागातच होते, पेटीला लाथसुद्धा मारली, पाय दुखावला. दुसऱ्या दिवशी चहा घेताना वाटलं, पण माल तर सापडला होता. सापडलेला माल नाक्यावरून सोडलेला मी एकदाही पाहिला नव्हता. साऱ्या नोकरीत तुम्ही तो एकदाच सोडलात. आणि मग ते दिवाळीचं कार्ड आठवलं. ज्या माणसाने तीन ओळी जास्तीच्या मोजूनही मला जाऊ दिलं, त्याने 'काम काही नाही' लिहिलं तर त्याखाली काय असणार होतं? काही नसणार. काम नव्हतं, तात्या. तुम्हाला मी यायला हवं होतं, एवढंच. नाक्यावर तो व्यापारी म्हणाला होता ते आज सांगते. तो तांदळाचा भाव बोलत नव्हता. तो म्हणाला, बिचारा एकटा आहे.

हे पत्र कुठे टाकणार? चिठ्ठीच्याच घडीत ठेवून देते. तुमच्या सवयीप्रमाणे तुम्ही शेवटपर्यंत वाचून विचाराल, "एवढंच?" म्हणून खालची एक ओळ स्वतःहून काढून ठेवते. त्या दिवाळीत पेपर तपासायचे नव्हते. शाळेला एकवीस दिवस सुट्टी होती.